नव्या जन्मानंतर विश्वासणाऱ्याने स्वतःला पापी म्हणावे का?

प्रश्न – शाहूपुरीची वाचक

सर्वांना जय ख्रिस्त. आमचे घराणे पणजोबांच्या काळापासून कोल्हापुरातले. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली येथे जे मिशनकार्य सुरू केले, त्याच प्रेस्बिटेरियन (वडीलमंडळामार्फत चालणाऱ्या प्रोटेस्टंट) परंपरेत आम्ही वाढलो. रविवारच्या उपासनेत पापकबुलीची प्रार्थना सगळ्या मंडळीने मिळून म्हणायची आणि मग पाळकसाहेबांनी क्षमेचे वचन वाचायचे, हा क्रम आमच्या इतका अंगवळणी पडला होता की त्याविषयी काही विचारावे असे कोणाला कधी वाटलेच नाही.

अलीकडे मात्र एक गोष्ट वरचेवर नजरेस पडते. मी गायकवृंदात असल्यामुळे उपासनेत माझे तोंड मंडळीकडे असते. कबुलीची प्रार्थना सुरू झाली की पुढच्या बाकावरच्या एक आजी पुस्तक मिटून मांडीवर ठेवतात आणि डोळे झाकून शब्द न शब्द पाठ म्हणतात. त्यांच्या अगदी मागे बसलेली तरुण संघातली तीन-चार मुले मात्र ओठ मिटून समोर पाहत राहतात. गीत सुरू झाले की हीच मुले सगळ्यांत मोठ्याने गातात, तेव्हा त्यांना उपासनेचा कंटाळा आहे असे म्हणता येत नाही. मी सहज विचारले, तेव्हा कळले की ती आठवड्यातून एकदा दुसऱ्या एका प्रार्थनासभेला जातात आणि तेथे त्यांना असे शिकवले जाते की ज्याचा नवा जन्म झाला तो ख्रिस्ताच्या ठायी नवी उत्पत्ती आहे, जुने ते होऊन गेले (२ करिंथ ५:१७), आणि जो देवापासून जन्मलेला आहे त्याच्याने पाप करवत नाही (१ योहान ३:९). म्हणून अशा माणसाने दर आठवड्याला स्वतःला पापी म्हणवून घेणे हा ख्रिस्ताच्या रक्ताचा अपमान आहे.

आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना योहानाच्या त्याच पत्राचा पहिला अध्याय दाखवला. आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःलाच फसवतो, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. एकाच लेखकाने एकाच पत्रात या दोन्ही गोष्टी कशा लिहिल्या, हे मला उलगडत नाही. भरीला, माझ्यासोबत काम करणाऱ्या एका हिंदू मैत्रिणीने विचारले, "तुमच्यात एकदा नवा जन्म झाला की पापे धुतली जातात ना? मग दर रविवारी माफी कसली मागता?" मला तिला धड उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

ताई, तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न त्या मुलांच्या प्रश्नापेक्षा अधिक नेमका आहे, म्हणून मी तिलाच उत्तर देतो आहे असे समजून लिहितो.

नव्या जन्माची गोष्ट प्रभूने कोणाला सांगितली, हे आधी पाहावे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातला निकदेम हा चोर, जकातदार किंवा व्यसनी नव्हता. तो परूशी, म्हणजे यहूद्यांच्या एका कडक धर्मपंथातला होता, यहूद्यांचा अधिकारी होता आणि नियमशास्त्र पाळणारा होता. अशा माणसाला नव्याने जन्मल्यावाचून देवाचे राज्य दिसणार नाही असे सांगितले गेले, त्याअर्थी नवा जन्म म्हणजे वाईट सवयी सुटणे नव्हे. वाईट सवयी पुष्कळांच्या देवाशिवायही सुटतात. यहेज्केलाच्या छत्तिसाव्या अध्यायात देव म्हणतो की मी तुमच्यातले पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन आणि माझा आत्मा तुमच्यात घालीन; निकदेमाला हेच आठवायला हवे होते, म्हणून तर इस्राएलाचा गुरू असून तुला हे समजत नाही काय, असे प्रभू त्याला विचारतो. हे काम सर्वस्वी देवाचे आहे. बाळाने स्वतःच्या जन्मात काही हातभार लावलेला नसतो.

आता पुढचा भाग. आपल्या प्रेस्बिटेरियन परंपरेत १६४७ सालची वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विश्वासाची तत्त्वे शिकवणारे पुस्तक, शिकवली जाते. हल्ली पोरांना ती पाठ नसते, हे वेगळे दुखणे. तिच्यातले ३३, ३४ आणि ३५ हे तीन प्रश्न लागोपाठ वाचा. नीतिमान ठरवणे ही देवाच्या कृपेची एकदाच घडणारी कृती आहे, दत्तक घेणे हीही तशीच कृती आहे. पवित्रीकरणाला मात्र ती प्रश्नोत्तरी चालू असलेले कार्य म्हणते, ज्यात आपण अधिकाधिक पापाला मरतो आणि नीतिमत्त्वाला जगतो. पहिल्या दोहोंत कमी-जास्त असे काही नसते. जो नीतिमान ठरला तो आज साठ टक्के आणि पुढच्या वर्षी सत्तर टक्के, असा ठरत नाही. तिसऱ्यात मात्र वाढ होते, थबकणे होते, कधी घसरणेही होते.

कोल्हापूरकराला हे समजायला लांब जावे लागू नये. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव मार्च १८८४ मध्ये दत्तक विधानाने छत्रपती झाले, तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. त्या दिवसापासून त्यांचे नाव शाहू, घराणे भोसल्यांचे आणि गादी कोल्हापूरची. यातले काहीही पुढे टप्प्याटप्प्याने मिळायचे बाकी राहिले नव्हते. तरीही राज्यकारभाराची सूत्रे हाती आली ती १८९४ च्या एप्रिलमध्ये, आणि मधली दहा वर्षे राजकोट, धारवाड असे शिक्षण घेण्यात गेली. त्या काळात त्यांच्या हातून एखादी चूक झाली असती तर शिक्षकांनी कान धरला असता, पण म्हणून कोणी त्यांना पुन्हा घाटग्यांच्या वाड्यात धाडले नसते. विश्वासणाऱ्याचे पाप हे घरात आलेल्या मुलाचे पाप आहे. त्याची माफी मुलगा बापाकडे मागतो, आणि ती मागितल्याने त्याचे मूलपण जात नाही. उलट तो मूल आहे म्हणूनच मागतो. तुमच्या मैत्रिणीला एवढेच सांगितले तरी पुरे होईल असे मला वाटते.

राहिले योहानाचे पत्र. योहान ज्या मंडळीला लिहितो तिच्यातून काही जण फुटून निघाले होते (२:१९), आणि पत्राचा रोख पाहता, आमच्यात पाप नाहीच, असा दावा करणारे लोक त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्यांना तो पहिल्या अध्यायात खोडून काढतो. तिसऱ्या अध्यायात तो दुसऱ्या बाजूने येतो: आपण देवाचे आहोत असे म्हणत भावाचा द्वेष करीत राहणारा, पापातच वस्ती करून राहणारा माणूस देवापासून जन्मलेला असू शकत नाही, कारण देवाचे बीज ज्याच्यात आहे त्याला पापात सुखाने नांदता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये, दुसऱ्या अध्यायाच्या अगदी आरंभी, किल्लीसारखे वचन आहे. तुम्ही पाप करू नये म्हणून मी हे लिहितो, असे म्हणून तो लगेच म्हणतो की कोणी पाप केलेच तर पित्याजवळ आपला कैवारी येशू ख्रिस्त आहे. नवा जन्म झालेल्या माणसाच्या हातून पाप घडणे अशक्यच असते, तर हे वाक्य त्याने कोणासाठी लिहिले?

तेव्हा माझे मत असे की त्या मुलांनी ओठ मिटून बसणे चूक आहे. पण त्यांच्यावर रागावू नका. ज्या मंडळीत वर्षानुवर्षे कबुली ऐकू येते आणि क्षमेचे वचन मात्र कुणाच्या कानात शिरत नाही, तेथे अशी मुले निपजणारच.

उत्तर – वसईकर, सध्या मुक्काम कोल्हापूर

सरांच्या विवेचनाबद्दल आभार. मी कॅथलिक असल्यामुळे आमची बाजू थोडक्यात मांडतो, कारण ती वर आलेल्या दोन्ही बाजूंपेक्षा जरा निराळी आहे.

आमच्या शिकवणीप्रमाणे नवा जन्म बाप्तिस्म्यात होतो. तीताच्या पत्रात नव्या जन्माच्या स्नानाचा जो उल्लेख आहे (३:५) तो आम्ही शब्दशः घेतो. बाप्तिस्म्याने मूळ पाप, म्हणजे आदामापासून जन्मतःच आलेले पाप, आणि त्याआधीची सर्व वैयक्तिक पापे खरोखर पुसली जातात, नुसती झाकली जात नाहीत. त्यानंतर माणसात पापाकडे ओढणारी वासना शिल्लक राहते. परंतु आमच्या मंडळीच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४६ साली स्पष्ट केले की नव्याने जन्मलेल्यांमधली ही वासना स्वतः खऱ्या अर्थाने पाप नव्हे. ती पापातून आलेली आहे आणि पापाकडे झुकवते, एवढेच. इच्छेने तिला होकार दिला की पाप घडते. पुढे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर याने १५१५-१६ च्या सुमारास रोमकरांच्या पत्रावर व्याख्याने देताना विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो असे मांडले, ते आम्हाला जसेच्या तसे मान्य नाही ते याच कारणाने.

गंमत अशी की एवढे सगळे मानूनही आमच्या मिस्साची, म्हणजे मुख्य उपासनेची, सुरुवात छातीवर हात मारून, माझ्याच अपराधामुळे, अशा कबुलीने होते, आणि मरियेला प्रार्थना करताना आम्ही स्वतःला पापीच म्हणवतो. ज्या संतांचे जीवन जवळजवळ निष्कलंक होते तेच स्वतःला सर्वांत मोठे पापी म्हणत आले. दिवा जवळ आला की धूळ अधिक दिसते, एवढाच त्याचा अर्थ असावा.

उत्तर – तरुण संघ, कसबा बावडा

वर ज्या मुलांचा उल्लेख आहे, त्यांच्यापैकी मी नाही, परंतु मीही पापकबुलीच्या वेळी गप्प राहणाऱ्यांपैकी आहे, म्हणून आमची बाजू आमच्याच तोंडून यावी असे वाटले.

माझे वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कामाला होते. पगाराच्या दिवशी आई फाटकापाशी जाऊन उभी राहत असे, कारण पैसे घरी पोहोचतील याची शाश्वती नव्हती. प्रभूने त्यांना सोडवले, दारू सुटली. पण आमचे नातेवाईक वर्षानुवर्षे प्रत्येक लग्नात, बारशात त्यांना जुन्याच नावाने ओळखत राहिले: हा मूळचा दारुडाच, कधी उलटेल सांगता येत नाही. त्यांना उभे राहण्याचे बळ मिळाले ते एका उपदेशकाने, तू आता तो राहिलेला नाहीस, असे ठामपणे सांगितल्यामुळे. आता आमच्या मंडळीने दर रविवारी त्यांना पुन्हा जुन्या नावाने उभे करावे, हे मला पटत नाही.

शास्त्रातही पौल मंडळ्यांना पत्रे लिहिताना त्यांना पवित्र जन म्हणतो. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात, आपण पापी असताना ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असे आहे. म्हणजे ती अवस्था मागे पडली. सहाव्या अध्यायात आपला जुना मनुष्य त्याच्याबरोबर वधस्तंभावर खिळला गेला आहे. जो मेला, त्याची दर आठवड्याला पुण्यतिथी कशाला? आणि मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्यासारख्या देवभीरू माणसाने १७६६ साली ख्रिस्ती परिपूर्णतेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेही याच जीवनात पापावर विजय मिळू शकतो असे मानूनच. मग आम्हीच काय वावगे बोलतो?

सरांनी शाहू महाराजांचा दाखला दिला, तो सुरेख आहे, पण मला तो अपुरा वाटतो. दत्तकाने नाव बदलते, रक्त बदलत नाही. प्रभू निकदेमाला जन्माविषयी बोलला.

उत्तर – निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

बाळ, तुझा शेवटचा आक्षेप मला मान्य आहे. पौल दत्तकाविषयी बोलतो (रोम ८:१५) आणि योहान जन्माविषयी. दोन्ही मिळून चित्र पुरे होते, एकट्या दत्तकाने नाही. आतला स्वभाव खरोखर बदलतो, आणि म्हणूनच पाप टोचू लागते. ज्याला पूर्वी खोटे बोलून शांत झोप लागत असे, त्याला आता ती लागत नाही.

पवित्र जनांविषयी तू लिहिलेस तेही खरे आहे, पण ज्या करिंथच्या मंडळीला पौल पवित्र जन म्हणतो, तिच्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात बापाच्या बायकोला ठेवणाऱ्या माणसाचा विषय आहे आणि अकराव्यात प्रभुभोजनाला कोणी भुकेला तर कोणी पिऊन मस्त झालेला आहे. पौलाने त्यांचे पवित्र हे नाव काढून घेतले नाही आणि त्यांचे पाप झाकलेही नाही. याकोब तर मंडळीतल्याच लोकांना, अहो पापी जनांनो, हात स्वच्छ करा, असे म्हणतो (४:८), आणि पौल स्वतःविषयी, पाप्यांमध्ये मी पहिला आहे, असे वर्तमानकाळात लिहितो (१ तीमथ्य १:१५). तेव्हा हा शब्द विश्वासणाऱ्याला कधीच लावायचा नाही, हा नियम शास्त्रात सापडत नाही. हे त्याचे मुख्य नाव नव्हे, एवढे मात्र मी तुझ्या बाजूने मान्य करतो, आणि तुझ्या वडिलांना त्या उपदेशकाने जे सांगितले ते योग्यच होते.

वेस्लीचे म्हणशील तर त्याचे एकच पुस्तक वाचून थांबू नकोस. विश्वासणाऱ्यांमधील पाप याच विषयावर त्याचे १७६३ सालचे एक प्रवचन आहे आणि त्यात तो सांगतो की नव्या जन्मानंतर पाप उरते, पण त्याची सत्ता उरत नाही. त्याने परिपूर्ण म्हटले ते प्रेमाला. अज्ञान, गैरसमज आणि त्यांतून होणाऱ्या चुका मरेपर्यंत राहतात असेच तो मानत होता, आणि आपण त्या अवस्थेला पोहोचलो असा दावा त्याने स्वतःसाठी केला नाही.

जुन्या मनुष्याच्या मरणाविषयी मला ल्यूथरच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीतले उत्तर आवडते. बाप्तिस्म्याचा अर्थ काय, तर आपल्यातला जुना आदाम रोजच्या अनुतापाने व पश्चात्तापाने बुडवला जावा. म्हणजे मरण एकदा झाले आहे, आणि ते रोज अमलातही आणायचे आहे. पौलही कलस्सैकरांना तिसऱ्या अध्यायात आधी, तुम्ही मृत झालेले आहात, असे सांगतो आणि दोनच वचनांनंतर, म्हणून तुमचे पार्थिव अवयव जिवे मारा, अशी आज्ञा करतो. तुम्ही पुण्यतिथी म्हणता, पौल त्याला लढाई म्हणतो.

वसईकर, वासना स्वतः पाप आहे की नाही, यावर आपली मंडळी सुमारे पावणेपाचशे वर्षे एकमेकांशी वाद घालत आहेत. तो येथे मिटणार नाही. आमचे म्हणणे असे की दहावी आज्ञा लोभ धरण्यालाच मना करते, होकार दिल्यानंतरच्या कृतीला नव्हे. पण दिव्याचे म्हणालात ते अगदी पटले.

प्रतिक्रिया – शाहूपुरीची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. सर, एक शंका राहते. त्या प्रार्थनासभेत प्रत्येकाला नव्या जन्माची तारीख विचारतात. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, पुढे दृढीकरण (मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झाले, आणि प्रभूवर माझा विश्वास आहे. पण अमुक दिवशी मी नव्याने जन्मले असे मला सांगता येत नाही. शिवाय रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात, जे चांगले करावेसे वाटते ते मी करीत नाही, असे जे आहे, ते पौलाच्या नव्या जन्माआधीचे समजायचे की नंतरचे?

उत्तर – निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

ताई, तारीख काहींना सांगता येते, काहींना येत नाही, आणि शास्त्र ती कोठेही मागत नाही. वारा कोठून येतो हे कळत नाही, असे प्रभू निकदेमाच्याच अध्यायात म्हणतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतः सांगितले आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला तो सुमारे आठ वर्षांनी. एवढ्या मोठ्या बाईने हे जाहीरपणे लिहावे, यातच बाप्तिस्म्याचा दाखला हाती असला की झाले असे समजणाऱ्या आपल्यासारख्यांना पुष्कळ शिकण्यासारखे आहे. पण त्या आठ वर्षांतली त्यांची प्रार्थना देवाने ऐकलीच नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. उलट त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली जे मोठे जागरण झाले, त्यात प्रभूवर आधीच विश्वास ठेवलेल्या मुलीही रडून रडून पापे कबूल करीत होत्या, हे या चर्चेत मौन धरणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावे. पवित्र आत्म्याचे काम जोरात सुरू झाले की कबुली वाढते असाच मंडळीचा अनुभव आहे.

सातव्या अध्यायाविषयी विद्वानांत एकमत नाही. प्राचीन मंडळीचा थोर धर्मपंडित ऑगस्टीन याने आधी तो नियमशास्त्राखाली असलेल्या माणसाचा मानला आणि उतारवयात मत बदलून विश्वासणाऱ्या पौलाचा मानला. आपली सुधारणावादी परंपरा त्याच्या नंतरच्या मताच्या बाजूने आहे, आणि मीही. कारण, अंतर्यामी देवाच्या नियमशास्त्राने मी हर्ष करतो, असे नवे हृदय न मिळालेला माणूस कशाच्या बळावर म्हणेल? मात्र हा अध्याय वाचून तेथेच थांबायचे नसते. अध्यायांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत. किती मी कष्टी माणूस, हे उद्गार आणि, ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही, हे आठव्या अध्यायातले वचन एका दमात वाचायचे आहे. बुधवारच्या सभेत सहावा, सातवा आणि आठवा असे तीन अध्याय सलग मोठ्याने वाचून घ्या, चर्चा नंतर करा. वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

प्रतिक्रिया – तरुण संघ, कसबा बावडा

सर, सातव्या अध्यायाविषयी मला अजून पटलेले नाही, पण तीन अध्याय सलग वाचण्याला माझी ना नाही. कबुलीच्या प्रार्थनेचा मजकूर मी काल नीट वाचून पाहिला. आम्ही करायचे ते केले नाही आणि करू नये ते केले, असे त्यात आहे. आम्ही अमुक आहोत, असे कोठेच नाही. एवढे म्हणायला मला हरकत नाही. क्षमेचे वचन मात्र पाळकसाहेबांनी जरा सावकाश आणि मोठ्याने वाचावे, ही विनंती ताईंनी मंडळीच्या पंचांपर्यंत पोहोचवावी.

प्रतिक्रिया – शाहूपुरीची वाचक

येत्या पंचकमिटीच्या बैठकीत नक्की सांगते. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातल्या मरणाला कारण होणाऱ्या पापाविषयी विचारायचे राहिले आहे, पण तो विषय मोठा आहे. त्यासाठी वेगळा प्रश्न टाकते.